तिकिटं काढली, आता पोटाचं बघू

थीम पार्कच्या सहलीत खाण्यावर होणाऱ्या खर्चाबद्दल बरीच पत्रं आली आहेत. सारखे प्रश्न एकत्र करून उत्तरं दिली आहेत.

प्रश्न : आम्ही चौघं, मुलं ११ आणि ६ वर्षांची. मागच्या वेळी जेवणाचा अंदाज बांधून गेलो होतो, तरी खर्च जवळजवळ दुप्पट झाला. चुकतंय कुठे?

अंदाज जेवणांचा केलात, पैसे गेले मधल्या वेळात. पार्कमधला दिवस एकदा कागदावर मांडून बघा. आत शिरल्या शिरल्या सरबत, दुपारचं जेवण, जेवणानंतर आइस्क्रीम, चार वाजता पाण्याच्या बाटल्या, रांगेत उभं असताना पॉपकॉर्न, रात्रीचं जेवण. सहा वेळा खरेदी आणि चार माणसं म्हणजे दिवसाला २४ वस्तू. त्यातली खरी जेवणं आठ. उरलेल्या १६ वस्तू म्हणजे निव्वळ पेयं आणि चटकमटक, आणि त्या एकेकट्या स्वस्त वाटतात म्हणून कुणी मोजत नाही.

म्हणून कात्री जेवणाला लावू नका, त्या १६ वस्तूंना लावा. पाणी बरोबर न्या, सुका खाऊ बरोबर न्या आणि माणशी रोज एकच चैनीची वस्तू ठरवा. १६ च्या चार झाल्या की दोन्ही जेवणं आत विकत घेऊनसुद्धा हिशेब आटोक्यात राहतो. ती एक वस्तू कोणती हे आदल्या रात्री मुलांकडून ठरवून घ्यायचं, कधी खायची हे मात्र त्यांच्यावर सोडायचं. 'आत्ता खाल्लंस तर संध्याकाळी नाही' एवढं एकदा सांगितलं की सहा वर्षांचं पोरही दुकानासमोर विचार करायला लागतं.

दुसरी चूक वेळेची. साडेबारा ते दोन या वेळात खाण्याच्या काउंटरवर सर्वांत लांब रांग असते. तिथे भुकेलेलं मूल घेऊन अर्धा तास उभं राहिलं की ट्रेमध्ये नको त्या दोन वस्तू हमखास जास्त पडतात. जेवण सव्वाअकराला तरी उरका, नाहीतर अडीचला तरी करा. अडीचला जेवणार असाल तर साडेबाराला मूठभर खाऊ द्या. लोक जेवायला बसतात तेव्हा बऱ्याच राईडच्या रांगाही थोड्या आखूड होतात, तो फायदा वेगळाच.

निघण्याआधी पार्कच्या ॲपवर किंवा संकेतस्थळावर तीनच किमती बघून ठेवा : मोठ्यांचं काउंटरवरचं जेवण, मुलांचं जेवण आणि एक थंड पेय. एवढ्यावर दिवसाचा अंदाज निघतो. टेबलावर बसून जेवायच्या जागांची किंमत बघताना सेवा शुल्क आणि कर वेगळे लागतात का, तेही पाहा.

प्रश्न : बाहेरचे पदार्थ आत नेऊ देत नाहीत असं ऐकतो. मग डबा करायचाच कशाला?

सगळीकडे एकच नियम नाही. एकाच नावाच्या दोन पार्कांत उलटसुलट नियम सापडतील. फ्लोरिडातल्या वॉल्ट डिस्ने वर्ल्डमध्ये स्वतःचं खाणं आत नेता येतं. काचेची भांडी, दारू, सुटा बर्फ आणि कोरडा बर्फ चालत नाही, आणि कूलर २४ × १५ × १८ इंचांपेक्षा मोठा नको, या मुख्य अटी. टोकियो डिस्नेलँडमध्ये मात्र डबा आत न्यायला मनाई आहे. डबा खाणाऱ्यांसाठी गेटबाहेर बसायची जागा ठेवलेली आहे.

तेव्हा ऐकीव माहितीवर जाऊ नका. पार्कच्या संकेतस्थळावर मनाई असलेल्या वस्तूंचं पान असतं, तेच वाचा. त्यात नेमकं शोधायचं ते असं : पाण्याची बाटली चालते का, भरलेली की फक्त रिकामी, कारखान्यात सीलबंद झालेलं पाकीट आणि घरचा डबा यांत फरक केलाय का, तान्ह्या बाळाचं खाणं आणि पथ्याचं खाणं यांना सूट आहे का, आणि एकदा बाहेर पडल्यावर त्याच तिकिटावर परत आत येता येतं का. जिथे कडक मनाई असते तिथेही बाळाच्या आणि पथ्याच्या खाण्याला बहुधा सूट असते. पथ्य असेल तर डॉक्टरांची चिठ्ठी आणि त्या माणसापुरताच डबा ठेवा. एका मधुमेहीच्या नावावर चौघांचं जेवण नेलं तर अडवणारच.

लपवून नेण्याच्या भानगडीत पडू नका. पिशव्या तपासताना सापडलं की एकतर कचऱ्याच्या डब्यात टाकावं लागतं, नाहीतर कोणीतरी परत गाडीपर्यंत पायपीट करायची. डबाही गेला आणि सकाळचा सगळ्यांत कमी गर्दीचा अर्धा तासही.

परत प्रवेश मिळत असेल तर गेटबाहेर जेवणं हा चांगला उपाय आहे, पण वेळ प्रामाणिकपणे मोजा. गेटपासून गाडीपर्यंत १५ मिनिटं, जेवण अर्धा तास, परत १५ मिनिटं आणि पुन्हा तपासणीची रांग. सव्वा तास धरा. दुपारी एक ते तीनमध्ये, उन्हाने मुलं कोमेजलेली असताना, हा सव्वा तास वाया जात नाही. अकरा वाजता जातो. बाहेर पडतानाच हातावर शिक्का मारून घ्या; शिक्का लागतो हे गेटबाहेर गेल्यावर आठवून उपयोग नाही. पाण्याच्या राईड आणि सनस्क्रीन यांनी शाई पुसट होते, म्हणून तिकीटही जवळ असू द्या.

डबा गाडीत नुसता ठेवून जाऊ नका. उन्हात बंद उभ्या गाडीतलं तापमान तासाभरात बाहेरच्यापेक्षा २० अंशांनी वर जाऊ शकतं. गाडीत ठेवायचं ते कोरडं तरी असावं, नाहीतर बर्फाच्या कूलरमध्ये तरी, आणि तो कूलरही सीटखाली, वर जाड चादर टाकून.

प्रश्न : कूलर बॅग घेतली, भरपूर बर्फ घातला. दुपारी उघडली तर सँडविचचा लगदा आणि फळं पाण्यात तरंगत होती. बॅगच खराब आहे का?

बॅग ठीक असावी, भरण्याची पद्धत चुकली. सुटा बर्फ घालूच नका. तो वितळून पाणी होतो आणि ते पाणी प्रत्येक डब्याच्या झाकणातून आत शिरतं. त्याऐवजी प्यायच्या पाण्याच्याच बाटल्या गोठवा. बर्फ वितळताना जेवढी उष्णता शोषतो, तेवढ्या उष्णतेत तेच पाणी शून्यावरून ८० अंशांपर्यंत तापलं असतं. म्हणून नुसत्या थंड पाण्यापेक्षा गोठलेली बाटली कितीतरी पटींनी जास्त काम करते. वर दुपारनंतर तेच गार पाणी प्यायला मिळतं.

१५ लिटरच्या बॅगेला अर्ध्या लिटरच्या चार बाटल्या पुरतात. भरताना वर तीन बोटं जागा सोडा. पाणी गोठताना सुमारे ९ टक्के फुगतं. गच्च भरलेली बाटली तळाशी फुगते आणि मग उभी राहत नाही, कधी चिरते. झाकण सैल ठेवून गोठवा, गोठल्यावर घट्ट करा. एक अख्खी रात्र लागते, फ्रीझर सामानाने भरलेला असेल तर त्याहून जास्त.

बॅग भरायच्या तासभर आधी त्यात एक गोठलेली बाटली टाकून बंद करून ठेवा, म्हणजे बॅग स्वतः गार होते. मग तळाशी दोन बाटल्या आडव्या. त्यांना चिकटून अंडी, चीज, दही. त्यावर ब्रेडचा कडक डबा. सर्वांत वर पुन्हा दोन बाटल्या, कारण गार हवा खाली उतरते. मोकळ्या फटींत हातरुमाल कोंबा. आत जितकी हवा कमी तितका गारवा टिकतो. बॅगेत जाणारी प्रत्येक वस्तू आधीच फ्रीजमधून निघालेली हवी. सकाळी केलेलं कोमट सँडविच आत ठेवलं तर बर्फाचा काही भाग त्यालाच गार करण्यात खर्ची पडतो. वरचेवर लागणारं पाणी आणि खाऊ दुसऱ्या पिशवीत ठेवा. कूलर दिवसातून एकदा, जेवायलाच उघडायचा.

लगद्याचं कारण ओलावा. ब्रेडच्या दोन्ही कापांना आतून लोणी किंवा चीज अगदी कडेपर्यंत लावा. स्निग्ध थरातून पाणी ब्रेडमध्ये उतरत नाही. टोमॅटो आणि काकडी वेगळ्या डबीत, आणि त्यांना आधी मीठ लावायचं नाही. मीठ लागलं की भाजी पाणी सोडते. सॉस छोट्या पुडीत. ब्रेड भाजला असेल तर जाळीवर पूर्ण निवू द्या. गरम असताना प्लास्टिकमध्ये गुंडाळला की वाफेनेच भिजतो. सँडविच डब्यात आडवी एकावर एक न रचता उभी लावली तर खालच्यावर वजन येत नाही.

प्रमाण असं : मोठ्यांना दोन-दोन, मुलांना एक-एक, म्हणजे सहा सँडविच, १२ काप. चार फळं, कडक सालीची. केळं आणि पिकलेली मऊ फळं दुपारपर्यंत काळवंडतात. १५० ग्रॅम सुका मेवा. मुलांसाठी दह्याचे दोन छोटे डबे. बाटल्यांसकट बॅग चार-पाच किलोच्या आसपास भरते, तेव्हा खांद्यावर अडकवायची की बाबागाडीखाली ठेवायची हे आधी ठरवा. चॉकलेट नको, क्रीमचं काही नको.

अन्न बिघडवणारे जिवाणू ५ ते ६० अंश सेल्सिअसच्या मध्ये झपाट्याने वाढतात. अंडी, मांस, दूध-दही, शिजवलेले पदार्थ त्या पट्ट्यात दोन तासांपेक्षा जास्त राहू देऊ नयेत. बाहेर ३२ अंशांपेक्षा जास्त असेल तर एकच तास. कसोटी सोपी आहे. जेवायला बॅग उघडाल तेव्हा बाटल्यांत थोडा तरी बर्फ शिल्लक असला पाहिजे. सगळं पाणी झालंय आणि ते गारही लागत नाही, तर नाशवंत पदार्थ टाकून द्या, वास घेऊन ठरवू नका; बिघडलेल्या अन्नाला दरवेळी वास येतोच असं नाही. भात या डब्यात नकोच. त्यात राहणारे एक प्रकारचे जिवाणू शिजवताना मरत नाहीत, आणि कोमट भातात ते जे विष तयार करतात ते पुन्हा गरम करूनही जात नाही.

प्रश्न : 'दिवसभर जेवा' असा पास आणि पुन्हा पुन्हा भरून मिळणारा कप, दोन्ही दिसतात. घ्यावेत का?

पासची किंमत एका जेवणाच्या किमतीने भागा. समजा अडीच आलं. म्हणजे तीन जेवणं झाली तरच पास परवडतो. आता खरोखर किती होतील ते बघा. दोन जेवणांमध्ये ठरावीक अंतर, बऱ्याचदा दीड तास, ठेवावं लागतं. जाहिरातीतल्या हिशेबाने दिवसात सहा जेवणं बसतात. पोटात तीन बसली तरी खूप, आणि त्यातलं तिसरं तुम्ही एरवी विकत घेतलं असतं का, हा खरा प्रश्न. घेतलं नसतं तर ते बचतीत धरू नका.

घेण्याआधी बारीक अक्षरात चार गोष्टी शोधा : पेय धरलंय का, कोणत्या काउंटरवर चालतो, वयाची मर्यादा काय, आणि एका पासवर दोघांनी खाल्लं तर तो रद्द होतो का. बहुतेक ठिकाणी होतो. सगळ्यांसाठी सारखाच पास घ्यायची सक्ती नसेल तर घरातल्या एकाच दांडग्या खाणाऱ्यासाठी घ्या. वाढत्या वयाच्या मुलाला तो फिटतो. सहा वर्षांच्या मुलीला फिटणं कठीण. ती दोन घास खाऊन पुढच्या राईडकडे बघत बसेल.

कपाचा हिशेबही तसाच. कपाची किंमत भागिले एका पेयाची किंमत. उत्तर तीनच्या आत आलं आणि दिवस उन्हाचा असला तर घ्यायला हरकत नाही. भरायची यंत्रं पार्कच्या कोणत्या भागांत आहेत ते नकाशात आधी बघा. दोनच ठिकाणी असतील तर कप रिकामाच हिंडवाल. दुसऱ्या दिवशी तोच कप थोडक्या पैशांत पुन्हा चालू करून मिळतो का, हेही विचारा. दोन दिवसांच्या सहलीत बचत तिथेच आहे. मुलं एरवी पाण्यावर भागवत असतील तर मात्र हा कप म्हणजे नवा खर्च.

प्रश्न : पाणी किती न्यावं?

उन्हात चालताना मोठ्या माणसाला तासाला साधारण अर्धा लिटर धरा. दिवसभराचं पाणी कोणी वाहून नेऊ शकत नाही, म्हणून माणशी पाऊण लिटरची एक बाटली घ्या आणि ती भरत राहा. भरलेली बाटली तपासणीत अडत असेल तर रिकामी न्या. नळाची ठिकाणं बहुतेकदा स्वच्छतागृहांजवळ असतात. काही पार्कांत पेयाच्या काउंटरवर साध्या पाण्याचा पेला मागितला तर फुकट मिळतो. फलकावर तसं लिहिलेलं नसतं, विचारावं लागतं.

प्रश्न : हॉटेल नाश्त्यासह घ्यावं की नाश्त्याविना? खोलीत फक्त किटली आणि छोटा फ्रीज आहे.

दोन्ही दरांतला फरक घ्या आणि नाश्ता करणाऱ्या माणसांनी भागा. ते उत्तर बाहेरच्या एका साध्या नाश्त्यापेक्षा कमी असेल तर नाश्त्यासह. पण बुफे किती वाजता उघडतो ते बघायला विसरू नका. पार्क नऊला उघडतं, बुफे आठला, आणि हॉटेल अर्ध्या तासाच्या अंतरावर, असं असेल तर नाश्त्याची किंमत तुम्ही राईडच्या रांगेत मोजाल.

किटलीवर नाश्ता व्यवस्थित होतो. मोठ्यांना ४० ग्रॅम, मुलांना ३० ग्रॅम झटपट ओट्स, माणशी दोन मोठे चमचे दूध पावडर, वरून १५० मिलिलिटर उकळतं पाणी, झाकून पाच मिनिटं. चौघांना दिवसाला १४० ग्रॅम लागतात. अर्धा किलोचं पाकीट तीन दिवसांना पुरून थोडं उरतं. बरोबर झाकणाचे चार वाडगे आणि चमचे न्या. किटलीत फक्त पाणीच उकळायचं. दूध उतू जातं, नूडल्स तळाला करपतात, आणि किटलीचे पैसे बिलात लागतात.

छोट्या फ्रीजवर फार विश्वास टाकू नका. हॉटेलातले बरेचसे फ्रीज पेय गार करण्यापुरतेच असतात, दूध आणि अंड्यांना लागणारे पाच अंश ते गाठत नाहीत. बाटल्या त्यात गोठत तर नाहीतच. त्या स्वागतकक्षात देऊन स्वयंपाकघरातल्या फ्रीझरमध्ये ठेवायला सांगा, वर खोली क्रमांकाची चिठ्ठी लावून. आणखी एक खोच : काही हॉटेलांत दाराजवळच्या खाचेतून कार्ड काढलं की फ्रीजची वीजही जाते. पहिल्याच संध्याकाळी कार्ड काढून फ्रीजमधला दिवा लागतो का ते तपासा. बंद होत असेल तर दिवसभर त्यात नाशवंत काही ठेवू नका.

प्रश्न : मुलगा आठ वर्षांचा. जेवला की राईडवर उलटी करतो. खाल्लेलं वाया, कपडे वाया.

भरपेट जेवणानंतर तासभर गोल फिरणाऱ्या आणि डोकं खाली-पाय वर करणाऱ्या राईड टाळा. तो वेळ खेळ, मिरवणूक किंवा सावलीतल्या बैठ्या गोष्टींना द्या. अगदी उपाशीपोटीही बसवू नका, तेव्हाही मळमळतं. सकाळी कोरडं, थोडं खाणं, मोठ्या राईड, मग जेवण, हा क्रम त्याला मानवेल. तळलेलं आणि फसफसणारी पेयं संध्याकाळसाठी राखून ठेवा. त्याचं जेवण वेगळं मागवण्याऐवजी एक मोठं जेवण आणि रिकामी जादा प्लेट मागा. आठ वर्षांच्या मुलाला आईच्या ताटातला तिसरा हिस्सा बहुधा पुरतो. उरलं तर मोठे संपवतात.

प्रश्न : वॉटर पार्कमध्ये मनगटाच्या पट्ट्यात पैसे भरावे लागतात. उरलेले परत मिळतात का?

बहुतेक ठिकाणी मिळतात, पण आपोआप नाही. पैसे भरतानाच तीन गोष्टी विचारा : कमीत कमी रक्कम किती भरावी लागते, उरलेली रक्कम त्याच दिवशी परत घ्यावी लागते का, आणि पट्ट्याची अनामत वेगळी आहे का. चारही पट्ट्यांत पैसे भरू नका. एकाच्याच पट्ट्यात भरा, तोही मोठ्याच्या. मुलाच्या मनगटावर पैसे असले की प्रत्येक काउंटर त्याला दुकान वाटतं. आधी फक्त दुपारच्या जेवणापुरते भरा, कमी पडले तर पुन्हा भरता येतात. पावती ओल्या पिशवीत भिजते, तिचा फोटो काढून ठेवा. परताव्याची खिडकी साधारणपणे बाहेर पडायच्या वाटेवर असते आणि पार्क बंद व्हायच्या वेळी सगळे एकदमच तिथे येतात. शेवटची खरेदी झाली की कपडे बदलायला जाण्याआधी एकाने जाऊन पैसे घेऊन यावेत.